मामा येऊन गेले

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पूर्ण आडवा झालो होतो.) आधी एक विचारतो, आपली प्रकृती कशी आहे? हा प्रश्न लोक पत्रात रीत म्हणून विचारतात आणि लगेच स्वतःच्या दुखण्यांकडे वळतात. मी तसं करणार नाही. मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे. जेवण जातं का, झोप लागते का, आरशात पाहिलंत तर दिसता का (हे आपलं सहज विचारलं), सगळं सविस्तर कळवा. इकडे माझं चष्म्याचं दुकान बरं चाललं आहे. आईची तब्येत उत्तम आहे. किंबहुना काळजी वाटावी इतकी उत्तम आहे, आणि हे पत्र त्याचसाठी आहे.

तर आई आणि मी सहलीला गेलो होतो. कल्पना तुमच्या भाचेसुनेची. तिनेच जाहिरात आणली, तिनेच नावं नोंदवली आणि ऐन वेळी पाय मुरगळला म्हणून घरी राहिली. (त्याच पायाने ती दुसऱ्या दिवशी बाजारभर हिंडल्याचं मला बाहेरून कळलं.) जाहिरातीत लिहिलं होतं, ‘वारसा आणि वन्यजीव, एकाच सहलीत!’ म्हणजे एक दिवस दगड बघायचे, दुसऱ्या दिवशी प्राणी. दगड हलत नाहीत आणि प्राणी थांबत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला दोन्हीकडे सारखाच कंटाळा येतो. लेण्यांत बिनडोक्याच्या मूर्ती पाहिल्या, पडक्या वेशी पाहिल्या, आटलेल्या विहिरीत डोकावलो. आमच्या गाडीत एक कॅमेरेवाला होता, त्याच्या भिंगाची नळी मोरीच्या पाइपाएवढी होती आणि तो वळला की आम्ही सगळे खाली वाकायचो. दगडांना आणि प्राण्यांना मिळून वाटाड्या एकच. तो मूर्तींसमोरसुद्धा इतक्या हळू आवाजात बोलायचा, की त्यांना जाग येईल अशी त्याला भीती आहे की काय, असं मला वाटायचं. मी एकदा म्हटलं, जरा मोठ्याने बोला. तो म्हणाला, तुम्हाला ऐकू येतंय ना, मग झालं तर.

सहलीचा शेवटचा टप्पा जंगलाचा. तिथे गर्द झाडीत एक ओसाड राजवाडाही आहे, म्हणजे वारसा आणि वन्यजीव एकाच छपराखाली. (छप्पर पडलं आहे, पण ते जाहिरातीत नव्हतं.) गाडी जंगलाच्या फाटकातून आत शिरली तसा वाटाड्या मागे वळला आणि म्हणाला, आता इथून पुढे त्याचं नाव घ्यायचं नाही. कॅमेरेवाल्याने विचारलं, कोणाचं? तेव्हा तो म्हणाला, “मामांचं. आम्ही मामाच म्हणतो. नाव घेतलं की कान टवकारतात. नातं लावलं की सोडून देतात.” मला युक्ती पटली. चष्म्यावर बसून तो मोडून आणणारी माणसंही आधी मला काका म्हणतात आणि मग खिशातून तुकडे काढतात.

पण मामा, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपण कोणाच्या देखत काय बोललो! आमच्या घरात हा शब्द तुम्ही दारातून परत गेलात त्या दिवसापासून कोणी उच्चारलेला नाही. तुम्ही पिशवी घेऊन दारात उभे होता आणि आईने विचारलं, “कसा आलास?” तिला म्हणायचं होतं, बसने आलास की आगगाडीने. तुम्ही ऐकलंत, कसा काय आलास, कोणी बोलावलं होतं? तुम्ही “निघतो” म्हणालात आणि पिशवीसकट मागे फिरलात. आईला बराच वेळ वाटत होतं, तुम्ही खाली रिक्षावाल्याला सोडायला गेला आहात. तिने चहाचं आधण ठेवलं होतं, ते आटून गेलं. पुढे तिने तुम्हाला समजावायचं नाही आणि तुम्ही तिला विचारायचं नाही, असं तुमचं दोघांचं चालू राहिलं. तुम्ही हट्टी, आणि ती तुमचीच थोरली बहीण. मधल्यामध्ये माझा मामा गेला तो गेलाच. याचं मला वाईट वाटतं, आणि तुमचा रागही येतो, हे स्पष्टच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विश्रामगृहाच्या ओसरीवर चहा पीत बसलो असताना वाटाड्या आला आणि सहज म्हणाला, पहाटे मामा तुमच्या खिडकीखाली येऊन बसले होते. ओल्या मातीत बशीएवढे ठसे होते. मी पाय खुर्चीवर उचलून घेतले. आईने मात्र कप खाली ठेवला आणि विचारलं, “मग हाक का नाही मारली?” तो म्हणाला, “ते हाक मारत नाहीत, आजी. बसतात नि जातात.” “तो तसाच आहे,” आई म्हणाली आणि तिने आणखी अर्धा कप मागितला.

खोलीत गेल्यावर मी तिला बसवून समजावलं की ही इथली बोलायची पद्धत आहे, ते ज्याला मामा म्हणतात तो वाघ. मामा, मी तो शब्द उच्चारला मात्र आणि बाहेर इतका वेळ चाललेली किलबिल बंद झाली. एक पान हलेना. योगायोग असेल, पण उरलेलं वाक्य मी कुजबुजत पूर्ण केलं. आई म्हणाली, मला कळतं रे, मला काय वेड लागलंय? आणि उठून तिने खिडकीची कडी काढून ठेवली. मी ती लावली. थोड्या वेळाने पाहतो तर ती परत काढलेली. मी आईला काही बोललो नाही, कारण आई तेव्हा न्हाणीघरात होती.

राजवाड्यात आम्ही भर दुपारी गेलो. लख्ख ऊन होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं मी मनाला सांगत होतो. अंगणभर गुडघ्याएवढा पाचोळा, भिंतींतून मुळं उतरलेली, आणि आत दरबाराच्या दालनात मात्र जमीन स्वच्छ. राजा बसायचा तो दगडी चौथरा तर हात फिरवावा असा गुळगुळीत. मी विचारलं, इथे झाडतं कोण? वाटाड्या म्हणाला, कोणी नाही, मामा दुपारी इथे टेकतात. कॅमेरेवाला हसला. मी चौथऱ्याला हात लावला. तिथे ऊन पोचत नाही, मामा, भिंती बर्फासारख्या गार होत्या, आणि दगड कोमट होता. रेल्वेच्या बाकावर आपल्या आधी कोणी बसून गेलेलं असावं, तेवढा. मी हात काढून घेतला आणि चला चला म्हणत सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. इतका आधी, की आई बरोबर नाही हे गाडीपाशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

मी कसा धावत गेलो ते मलाच माहीत. (कंबर तेव्हापासून धरली आहे.) दालनाच्या दारात वाटाड्या उभा होता. त्याने हात आडवा घातला. आत आई खालच्या पायरीवर पाय पसरून बसली होती, आपल्या स्वयंपाकघरात बसते तशी. आणि वर चौथऱ्यावर ते होते. मी नाव घेत नाही. पुढचे पंजे एकावर एक ठेवून ऐकत होते. आई म्हणत होती, अरे, बसने की गाडीने, एवढंच विचारलं होतं रे मी. तू दमून आला असशील म्हणून विचारलं. एवढं मोठं डोकं आणि तेवढंसं कळू नये? ती ओरडत नव्हती, समजावत होती. मला हाक मारायची होती, पण तोंडातून वाराच आला. वाटाड्या माझ्या कानाशी म्हणाला, “बोलू द्या. पुष्कळ जण बोलतात इथे.”

आता जे लिहितो ते तुम्ही हसण्यावारी न्याल, तर न्या. माझा सगळा जन्म लोकांच्या डोळ्यांत बघण्यात गेला आहे. तुमची उजवी पापणी जराशी पडलेली आहे. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही मला डोळा मारता आहात, आणि मीही मनापासून तुम्हाला परत मारायचो. तर त्या चौथऱ्यावरच्यांची उजवी पापणी तशीच पडलेली होती. तेवढीच, अगदी तेवढीच. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मामा, भीतीने म्हणा किंवा सवयीने म्हणा, मी डोळा मारला. ते उठले, अंग ताणलं आणि मागच्या पडक्या खिडकीतून निघून गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हेही ओळखीचंच. (कॅमेरेवाला माझ्यामागून धापा टाकत आला आणि त्याने एकामागून एक फोटो काढले. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं होतं. तो त्या दिवशी जेवला नाही.) आई उठून पदर झटकत म्हणाली, चल, त्याने ऐकून घेतलं.

तर आता मूळ मुद्दा. आईने घरी आल्यावर ठरवून टाकलं आहे की तुम्ही गेलात, आणि राहिलेलं बोलणं ऐकायला तेवढे येऊन गेलात. ती रडत नाही, मोकळी झाल्यासारखी हिंडते, गुणगुणते, आणि तुमच्याबद्दल भूतकाळात बोलते. त्याला थंडी सोसायची नाही, त्याचं अक्षर छान होतं, असं. ऐकून ऐकून घरात सगळ्यांना लागण झाली आहे. परवा तुमची भाचेसून म्हणाली, मामा स्वभावाने चांगले होते. मी म्हटलं, आहेत. ती म्हणाली, कशावरून? तुमच्याकडे फोन केला तर नुसता वाजत राहतो. तुमचा हा पत्तासुद्धा जुनाच आहे. आईला असं खोटंच मोकळं होऊ द्यायचं, की तुम्हाला शोधून तिच्यासमोर उभं करायचं, हे तुम्ही आहात की नाही यावर अवलंबून आहे. तेवढं कळवा, एक ओळ पुरे. तिथे तुमच्याबरोबर जे कोणी असतील त्यांना माझा नमस्कार, ते जे काही असतील ते.

तुमचा भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालून खाली उतरलो तर जिन्याशी शिंप्याने थांबवलं. (त्याचं दुकान आमच्या जिन्याखालीच आहे. त्याला सहलीचं काही माहीत नाही, मी कोणालाच सांगितलेलं नाही.) म्हणाला, “तुमचे मामा येऊन गेले हो दुपारी. वर नाही गेले. जिन्यात बसले नि गेले.” मी विचारलं, मामाच कशावरून? तर म्हणे, त्याने खालूनच हाक मारून आईला विचारलं होतं, जिन्यात कोण बसलंय, आणि ती म्हणाली, असू द्या, मामा आहे. दिसायला कसे होते, विचारलं. तोंड त्याने नीट पाहिलं नाही. अंगाने भरलेले होते म्हणाला, आणि पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी घातलं होतं. मग जरा थांबून म्हणाला, “शिवणाऱ्याचा हात मानला पाहिजे. पट्ट्याला पट्टा असा जुळवलाय की शिलाई कुठे दिसेना.”

ता. क. (दुसरा) मी जिन्याच्या पायऱ्यांना हात लावून पाहिला नाही. पण आमची पायरीवरची मांजर दुपारपासून शिंप्याच्या यंत्रावर चढून बसली आहे ती उतरत नाही. दिवसभर मी दुकानात असतो, बायको नोकरीवर, आणि आई घरात एकटी, दाराची कडी काढून. तेव्हा आडपडदा न ठेवता एकच विनंती करतो. आपण जिवंत असाल तर लवकर या, आणि नसाल तर कृपा करून येणं थांबवा.

(खालची ओळ आईने माझ्या हातातलं पेन काढून घेऊन लिहिली आहे.)

याचं काही मनावर घेऊ नकोस. असशील तसा ये.