पलीकडे अडकलेल्या समितीला बोटीतून आणण्याची परवानगी

प्रति,
मा. सदस्य-सचिव साहेब,
साहसी जलपर्यटन छाननी समिती, जि. नंदुरबार
(सध्या मुक्काम: रूपलीबाई यांचे घर, नदीपलीकडे)

अर्जदार: भूपेंद्र दोधू पाटील, मु. पो. प्रकाशा, ता. शहादा

विषय: खैरझरी नदीत सहा बोटी उतरविण्यास, व त्यातून प्रथम आपणांस अलीकडे आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) आमचा फेब्रुवारीतील अर्ज.
२) आपले मे महिन्यातील पत्र, ‘नदी आढळून आली नाही’.
३) आपली कालची हाक, ‘अहो पाटील, टाका की बोटी!’

महोदय,

१. आम्ही सहा जण. पाच जण चाळिशी ओलांडलेले. सहावी माझी पुतणी भाविका, जी हिमालयातल्या नद्यांवर लोकांना बोटीतून नेण्याचेच काम करते. आमच्या बोटी पॅकराफ्ट प्रकारच्या आहेत: घडी केली की पाठीवरच्या पिशवीत मावतात, हवा भरली की माणसाला घेऊन तरंगतात. मोलगीच्या डोंगरातून खाली चार दिवसांचा प्रवास आम्ही ठरविला. पुढे कोण, मागे कोण, कोणत्या खळाळत्या धारेपाशी काठावर उतरून बोट पाठीवर घ्यायची, कुठे मुक्काम करायचा, हे सारे अर्जात लिहिले होते. तापीच्या संथ पाण्यात महिनाभर सरावही केला. दुसरा मुक्काम पलीकडच्या काठावर राहणाऱ्या रूपलीबाईंकडे ठरला होता. नदीत शिरल्यावर चर्चेला वेळ नसतो, असे भाविकाचे मत आहे. आपल्या समितीचा या मताशी परिचय नसावा.

२. आपण प्रथम विचारले की, पिशवीतली बोट हे सामान की वाहन? आम्ही कळविले, घडी असताना सामान, फुगल्यावर बोट. मग इंजिन क्रमांक मागितला. इंजिन नाही म्हटल्यावर इंजिन नसल्याचा दाखला मागितला. तो शहाद्याच्या एका मोटार वाइंडिंगवाल्याने दिला. बिचाऱ्याने आयुष्यात प्रथमच नसलेल्या वस्तूची तपासणी केली. या काळात माझी पत्नी कोकिळा म्हणत असे, “होडीमा बसाले निंघनात, आनि सहा महिनापाईन हापिसना बाकवरच बशेल शेतस!” तिचे म्हणणे आपल्या माहितीसाठी नोंदवीत आहे.

३. ही नदी फक्त पावसाळ्यात वाहते, हे आम्ही पहिल्याच अर्जात ठळक अक्षरात लिहिले होते. समिती मे महिन्यात आली. कोरड्या पात्रात उभे राहून फोटो काढले, पात्रातल्याच करंजाच्या सावलीत डबे उघडले आणि ‘नदी आढळून आली नाही, सबब नौकानयन अशक्य’ असा शेरा दिला. आम्ही विनवणी केली, पाऊस पडल्यावर या. परवा आपण आलात. पाणी पाहिलेत आणि म्हणालात, “अरे, इथं तर पाणी आहे! हे धोकादायक.” म्हणजे पाणी नसेल तर उपयोग नाही, असेल तर धोका. या दोहोंच्या मधल्या दिवसांत अर्ज करावा, अशी आपली सूचना आम्ही शिरोधार्य मानली आहे. असा दिवस पंचांगात सापडत नाही.

४. परवा तपासणीसाठी मागविलेल्या आमच्या बोटी आपण ‘विनापरवाना’ ठरवून सरकारी जीपमध्ये सील केल्या. मग पंचनामा बसून लिहावा म्हणून आपण पाचही सदस्य घोटाभर पाण्यातून पलीकडे रूपलीबाईंकडे निघालात. तिथे कोंबडी शिजत होती, हा योगायोग असावा. भाविका आपणांस म्हणाली, “काका, वरच्या डोंगरावर काळं झालंय. परत फिरा.” आपण म्हणालात, “पोरी, वीस वर्षं झाली मला या खात्यात.” पाण्याला आपली सेवाज्येष्ठता कळविलेली नव्हती. जेवण होईपर्यंत ते झाडांना लागले.

५. पलीकडचा रस्ता दरड पडून बंद आहे. आपण सुखरूप आहात, छपराखाली आहात, याचा आम्हांस आनंद आहे. मात्र आमच्या मुक्कामासाठी राखलेल्या कोंबड्या संपल्या असून आता फक्त भगर उरली आहे, असे रूपलीबाईंनी आज सकाळी काठावर येऊन हातवारे करून कळविले. आमची अडचण त्याहून मोठी आहे. पाणी उतरले तर आपण चालत परत याल, पण आमचा प्रवास या वर्षापुरता संपेल. भाविकाची रजाही याच आठवड्यात संपते. पाणी टिकले तर प्रवास होईल, पण सही करणारे पलीकडे. आपल्या जीपचे चालक धुडकू यांनी परिस्थिती माझ्यापेक्षा थोडक्यात मांडली: “साहेब तठे, सही तठे, शिक्का आठे. आते करा काय करनं ते!”

६. काल आपण टेकाडावर चढून ओरडलात की, “टाका की बोटी, कागदाचं मागून बघू!” परंतु तोंडी परवानगी ग्राह्य नाही, सील तोडणे हा गुन्हा आहे, असे आपल्याच पत्रात आहे. ते पत्र मला आता पाठ आहे. सहा महिने आपल्या कार्यालयात काढून आम्ही आपल्यासारखेच झालो, याचे आपणांस नवल वाटू नये.

७. भाविकाने काठ चालून पाहिला आहे. आपण परवा ओलांडलेल्या उताराच्या खाली एक संथ डोह आहे. तिथून हेल्मेट व जॅकेट घालून एकेकास आणल्यास पाचही सदस्य अंधार पडण्यापूर्वी अलीकडे येतील. उद्या सकाळी आम्ही तिथूनच पुढे निघू. आपण निरोप द्यायला थांबावे, असा आग्रह नाही.

तरी मेहेरबानांनी वरील परवानगी तात्काळ द्यावी. मोबाईलला रेंज नसल्याने हा अर्ज धुडकू जीपच्या भोंग्यावरून आपणांस वाचून दाखवीत आहेत. मंजुरी असल्यास उजवा हात वर करावा. त्याचा पंचनामा आम्ही सहा जण करू, धुडकू शिक्का मारतील व सील काढतील. नामंजूर असल्यास डावा हात वर करावा.

दोन्ही हात एकदम हलविल्यास ती मदतीची याचना समजली जाईल. ते टेबल वेगळे आहे. त्यासाठी आपणांस स्वतंत्र अर्ज करावा लागेल.

नदीच्या अलीकडून,
आपला नम्र,
(सही)
भूपेंद्र दोधू पाटील

स्थळ: खैरझरीचा काठ, जीपच्या बॉनेटवर
दिनांक: २६ ऑगस्ट २०२५