काळी चारचा फोन

१० जुलै १६, रवि.
जुना फोन अखेर गेला. पडला नाही, भिजला नाही, आपणहून. घरात लगेच दोन पक्ष. मनाली, म्हणजे आमची लेक, कॉलेजात जाणारी शहाणी, म्हणते आयफोनच घे. हे म्हणतात अँड्रॉइड, कचेरीत सगळ्यांकडे तोच. मला काय हवं, हे दोघांनीही विचारलेलं नाही. पैसे मात्र माझे, शिवणाचे.

१४ जुलै, गुरु.
मंडळातल्या सुलक्षाला घेऊन मी अण्णा भावोजींकडे गेले. यांचे चुलतभाऊ, देवळाच्या समितीचे अध्यक्ष. सप्ताहात आमच्या महिला भजनी मंडळालाही एक पार, दोन तासांची पाळी, द्या म्हटलं. रात्रंदिवस भजन, प्रत्येक वाड्याची पाळी. पण दुपारी दोन ते चारचा पार कुणालाच नको असतो, टाळ हातात घेऊन डुलक्या काढतात. तोच मागितला.
"बायलांचो पार? आमच्या देवळात अजून तसा झाला नाय."
नाही म्हणाले नाहीत. हो तर नाहीच.

१७ जुलै, रवि.
आमचा पेटीवाला यायचा बंद झाला. भावोजींनी कान फुंकले, दुसरं काय. एका परीने बरंच. इतकी वर्षं तो धरील ती पट्टी आमची. माझी काळी चार, पण विचारतो कोण. वर, बायका किंचाळतात हेही ऐकायचं.
पखवाज सुलक्षा वाजवते. राहिला सूर. फोनात तंबोरा असतो म्हणे. मग ठरलं, फोन घ्यायचा तो तंबोऱ्यासाठी. कॅमेरा गेला खड्ड्यात.

२२ जुलै, शुक्र., म्हापसा
बाजार करून मोबाईलच्या दुकानात. सोबत सुलक्षा. दुकानदार फोटो काढून दाखवायला लागला. म्हटलं, आयफोन आणि अँड्रॉइड, दोन्हींवर तंबोरा लावा, काळी चार. तो बघतच राहिला. सुलक्षा म्हणाली, "लाव रे. तिका कॅमेरो कित्याक होयो?"
मी पाठ फिरवून उभी. कुठला कोणता ते सांगायचं नाही. पहिल्याबरोबर सा लावला, बरा लागला. दुसऱ्याबरोबर लावला तो सोडवेना. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. लाज? अजिबात नाही वाटली.
दुसरा निघाला अँड्रॉइड. यांचंच खरं झालं म्हणून जीव जळला. घेतला तरी तोच. कान माझे आहेत.

२३ जुलै, शनि.
हे खूश, "मी सांगत होतो". मनालीचं तोंड वाकडं. दोघांनाही सांगितलं, तुमच्यापैकी कुणाचंही ऐकलेलं नाही.

३१ जुलै, रवि.
तालीम आमच्या ओट्यावर. नऊ जणी. पहिल्यांदाच आपल्या पट्टीत गातोय, आवाज कसा मोकळा सुटतो. अभंग रंगात आला आणि फोन वाजला. तंबोरा बंद. सगळ्यांचे आ तसेच उघडे. फोन कुणाचा? अण्णा भावोजींचा. विचार चालू आहे, समिती बसली की फोन करून कळवतो.
मनाली म्हणाली, गाताना विमान मोडवर ठेव, कुणाचाच फोन लागणार नाही. आयफोनवरही हेच करावं लागलं असतं, हे तिने कबूल केलं. सूर सुधारतोय पोरीचा.

७ ऑग., रवि.
हे चिडले. भावाशी वाकडं नको, यंदा राहू दे. म्हटलं, तुमच्या भावाशी नाही, त्या डुलक्यांशी माझं भांडण आहे. देव काय फक्त पुरुषांचं ऐकायला बसलाय?

११ ऑग., गुरु.
आज सप्ताह सुरू. निरोप अजून नाही. सुलक्षाला सकाळी वाटेत भावोजी भेटले, बारापर्यंत फोन करतो म्हणाले. दोनच्या पाराला अजून कुणाचंही नाव नाही, तेवढं तिने विचारून घेतलं.
माझा फोन सकाळपासून विमान मोडवर. तालीम चालू आहे ना.
साडेबारा. सगळ्या नऊवारी नेसून ओट्यावर. जाईच्या वेण्या. एक-दोघी घाबरल्यात. मीही. देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं तर गावभर हसं. तरी जायचं.
आताच यांचा फोन वाजला. नाव बघितलं यांनी, भावाचंच. वाजू दिला, आणि टेबलावर उलटा ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्याचं चार्जिंग पुरेल ना चारपर्यंत?"
पुरेल म्हटलं. सुलक्षाने पखवाज खांद्याला लावलाय. निघतो.