डावा कौल

शुक्रवार, रात्रीच्या जेवणाआधी. अल बर्शा, दुबई.

जमलं! अखेर जमलं.

नामिबियातल्या गाईडची अट साधी होती. तीस मीटरवरून तीन बाण ताटलीएवढ्या वर्तुळात मारायचे, व्हिडिओ पाठवायचा, मगच शिकारीला यायचं. जनावर जखमी होऊन पळालेलं त्याला चालत नाही. मलाही नाही. त्यासाठी तर वर्षभर जिममध्ये दंड कमावले. आणि आज क्लबमध्ये प्रत्येक बाण डावीकडे!

काल दसरा, म्हणून धनुष्याची साग्रसंगीत पूजा केली होती. आणि आज हे? सारखं वाटत होतं, हा डावा कौलच. गावी देवाच्या मूर्तीला चिकटवलेली पाकळी डावीकडून पडली की तो डावा कौल, मग आम्ही त्या कामाला हात लावत नाही. मग मी कशी जाणार?

नवरा म्हणाला, "खलास, घरी चल. तुझा कॉन्फिडन्स गेलाय."

माझा? असली चिडले! धनुष्य डोळ्यांजवळ धरून इंच इंच तपासलं. बाण टेकतो नेमक्या त्या जागी कालची अक्षत, कुंकवात वाळून घट्ट बसलेली. नखानं खरवडून काढली.

मग तिन्ही बाण मधोमध, एकमेकांना खेटून! नवराच "यल्ला, चला!" ओरडत नाचला. गाईडचं उत्तरही आलं, "वेलकम."

आत्ता सासूबाईंचा गावाहून फोन, आजच्या परीक्षेचं त्यांना ठाऊक होतं. "काय गो, कौल कसला मिळाला?"

"उजवा, आई. डावा मीच चिकटवला होता."