बुंदीजवळ तुमीच राहा

चंचलचे बाबा,

पचमढीची जीप उद्या सकाळी निघणार होती, पण तुमी ड्यूटीवर गेल्यावर आमी आजच निघालो. धावत मागं येऊ नका.

बुंदी पळाली नव्हती. सुट्टीत कुत्रीच्या पिल्लाची कटकट नको म्हणून सोमवारी तुमी तिले मोटारसायकलवर नेऊन नवेगाव बांधच्या बसथांब्यावर सोडलं. माह्या दूधराम दादाले ती तिथंच सापडली, त्यानं आज घरी आणून देली, अन तिथल्या पानठेलेवाल्यानं सोडणाऱ्याचं नावबी सांगतलं. इकडं पोरगी तीन दिवस मुर्री गावभर "बुंदी, बुंदी" करत रडत फिरली, अन तुमी तिच्यासंग खोटंखोटं शोधत होते!

जीपमध्ये तुमची जागा रिकामी आहे. बुंदीले तिथं बसवता आलं असतं, पण मंग तुमी मोकळे राहिले असते. आठ दिवसांची सुट्टी मंजूर आहेच, ती तिच्यापाशी काढा. दूध-भात दोनदा द्या, तिखट नको. मोटारसायकल बंद करूनच आंगणात आणा. आवाज आला का ती पलंगाखाली शिरून मुतते. ते तुमीच पुसा. शेजारच्या दुलारी मावशीले सारं सांगतलं आहे. ती रोज बुंदीले पाहून मले फोन करेल.

निघताना चंचलनं विचारलं, "बाबा काऊन येत नाहीत?" मी खरं सांगतलं. मंग ती म्हणाली, "मी त्रास दिला तं मलेबी सोडून येतील का?"

आमी येईपर्यंत तिच्यासाठी उत्तर शोधून ठेवा.

रेणू