माग आणि स्टॅबिलायझर

नागपूर, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९७५

नाही घेणार स्टॅबिलायझर. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, आजही म्हणाले, "लाइन खराब आहे इथली, मशीन जळून जाईन तुमची." नव्या प्लेअरवर रेकॉर्ड लावली की मधेच खट् होतं, ते व्होल्टेजमुळेच म्हणे! सीताबर्डीच्या दुकानदारानं ट्रायलला दिलेला डबा लावून आठ दिवस झाले. खट् आहेच.

आज बाबा चहाला उठले आणि खट् थांबलं. मागावर परत बसले, परत सुरू. पलीकडच्या खोलीत हातमागाचा ठोका पडतो, जमीन हादरते आणि इकडे सुई उडते. जन्मापासून ऐकतेय तो ठोका, म्हणूनच तर कानाला कळलाच नाही. आणि आम्ही विजेला शिव्या देत बसलो!

भाऊजी लगेच म्हणाले, "मामाजी, मग संध्याकाळी माग बंद ठेवत जा न."

बाबाही तयार! "ठेवतो न. पोरीले गाणं आयकू दे."

माझं डोकंच फिरलं. "काहून बंद ठेवता? रेकॉर्ड प्लेअर काल-परवा आला या घरात. माग कधीचा आहे?"

डब्याची वायर काढून डबा भाऊजींच्या हातात दिला, उद्या परत करा म्हटलं. मग रेकॉर्ड पहिल्यापासून लावली, आवाज वाढवला आणि बाबांना म्हटलं, "मारा ठोका."