‘विजयीपणे’चं वाक्य

४ तारीख, सोमवार
वही घेतली तेव्हाच लिहायला लागणार होतो. पेन सापडेना. पेन सापडलं तर वही सापडेना. असो. आजपासून रोज.
शब्दकोशाच्या ऑफिसात लागलो. मी राहतो ताई-भाऊजींकडे; ताई त्याच ऑफिसात प्रुफं तपासते. तिनेच बाईंना, म्हणजे संपादकांना, शब्द दिला की या वेळी हा टिकेल. आधीच्या नोकऱ्यांचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.
माझा पहिला शब्द: ‘विजयीपणे’. अर्थ: जिंकल्याच्या तोऱ्यात. झालं अर्धं काम. पण इथला नियम असा, की उदाहरणाचं वाक्य रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं. कार्डावर बोलणाऱ्याचं नाव. मुदत शुक्रवार. शुक्रवार कशाला, उद्याच देतो.

५, मंगळवार
कॅरम क्लबात बसलो. जिंकणारा म्हणतो, चल, लाव परत. हरणारा म्हणतो ते कोशात चालणार नाही. येताना एक जण छपरावर पत्रा बसवत होता. शिडी धरली. दुपार गेली. पत्रा मात्र झकास बसला.

७, गुरुवार
काल पत्रेवाल्याचा दुसरा पत्रा होता.
‘विजयीपणे’ कुणी बोलतच नाही. लोक ‘ऐटीत’ म्हणतात, ‘कॉलर ताठ करून’ म्हणतात. उद्या बाईंना स्पष्ट सांगणार. आपल्याला लपवाछपवी जमत नाही.

८, शुक्रवार
सांगितलं नाही. जिन्यातच वाक्य सुचलं: ‘भांडण जिंकून आई विजयीपणे स्वयंपाकघरात गेली.’ बोलणारे: भाऊजी. सुचलं म्हणजे आतून ऐकलंच की.
बाई खूश. ऑफिसभर वाचून दाखवलं. मग सहज म्हणाल्या, एखादा शब्द कुणीच बोलत नसेल तर आम्ही कार्डावर ‘बोलण्यात नाही’ असंही लिहितो. हे आधी सांगायचं ना!
ताई ज्याला त्याला सांगत होती, माझा भाऊ आहे तो. जेवताना स्वतःच्या डब्यातलं मला वाढलं. नको म्हणणार होतो. खाल्लं शेवटी.

९, शनिवार
ताईने विचारलं, हे असं कधी बोलले रे, तेही स्वतःच्या आईबद्दल? मी म्हटलं, मागे एकदा. तिला खरंच वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्यामुळे तिचा शब्द खोटा पडणार.
उद्या बाईंच्या घरी जाऊन खरं सांगणार. पक्कं.

१०, रविवार, संध्याकाळ
निघणारच होतो. शर्ट वाळला नव्हता. तेवढ्यात बाईच चहाला आल्या. ताईने कौतुकाने बोलावलंय. भाऊजींच्या तोंडून वाक्य ऐकायचंय म्हणतात. भाऊजी बाजारात. मी आतल्या खोलीत. एवढं लिहून झालं की बाहेर जाऊन सांगतोच.
बेल वाजली. भाऊजी असणार. त्यांना दारातच गाठून वाक्य पाठ करून घेतलं तर? नको. सांगायचंच.
भाऊजी नाहीत. ताईच्या सासूबाई आल्यात, न कळवता, बॅग घेऊन. बाई त्यांना म्हणतायत, अहो, तुमच्यावरचं वाक्य कोशात छापतोय आम्ही, तुमच्या मुलाचंच आहे. ऐकवते, थांबा. पर्समध्ये कार्ड शोधतायत.