माहेरच्या पिवळ्या गोळ्या

मूल, ता. ९ जानेवारी १९५८

ती. भाऊस,
मनकर्णाचा सा. न. वि. वि.

मुखरूच्या हाती पाठवलेलं गाठोडं मिळालं. लुगडं, चिवडा आन् गोळ्यांची शिशी, सगळं बरोबर आलं. माहेरचं आलं म्हणून घर खूश आहे. कमळा जाऊबाई म्हणते, मास्तर भाऊ असावा तर असा. वहिनीचा चिवडा लय तिखट झाला, पण तिले सांगू नका, नाईतर पुन्हा पाठवणार नाई.

आता मनातलं लिहिते. तुमी आमाले चांद्याच्या दवाखान्यात नेलं, इंदूले सुई दिली, तवा दोन दिवस तिचा आवाज आला होता. आता पुन्हा गेला. तोंड उघडून रडते, डोळ्यातून पाणी येते, आन् आवाज नाई. माझा जीव थाऱ्यावर राहत नाई, भाऊ. पहिला बाबू असाच मुका झाला आन् हातचा गेला, तुमाले ठाऊक आहे.

मले तो डॉक्टरच समजत नाई. आजारी लेकरू, आन् गोळ्या मले! माझ्या पायाले मुंग्या येतात, पण त्यानं मी का मरून राह्यली? सासूबाईले तर पक्का वहम आहे का पोरं होऊ नये म्हणून सरकारनं ह्या गोळ्या काढल्या. खरं सांगजा, शिशी कोणाच्या हातून आणली? कोणी बदलली त नसन? माझ्या वाट्याच्या मी घेऊन राह्यली, पण काडीचा फरक नाई.

बहिणीवरची माया आटू देऊ नका, उत्तर लवकर टाका.
तुमची धाकटी,
मनकर्णा


गडचिरोली, ता. १५ जानेवारी १९५८

चि. मनकर्णास,
अ. उ. आ.

शिशी मी स्वतः नागपूरच्या दुकानातून आणली, बूच बंद होतं. तू लहानपणी धुतलेलं बोरही फोडून आत अळी पाहायची, तशीच राहिली बाप्पा!

आता नीट ऐक. इंदू तुझ्या दुधावर आहे. जवाईबापू गिरणीत कामाले, म्हणून घरी गिरणीचाच पांढराफेक तांदूळ. तो तुमी खळखळ धुता, वर भाताचं पाणी गाईपुढे ओतता. तांदळातलं जीवनसत्त्व गेलं कोंड्यात अन् त्या पाण्यात. तुझ्याच अंगात नाई, तर दुधात कुठून येईल? म्हणून गोळ्या तुले. सकाळ-संध्याकाळ जेवण झालं का एक-एक, पाण्यासंगं. लवकर गुण यावा म्हणून जास्त गिळू नको, अन् चुरून पोरीच्या तोंडात घालू नको. डॉक्टरनं सांगितलं तेवढीच.

तरी गुण काऊन नाई, हे मलेही खटकते. राग येऊ देऊ नको, पण मले तुझ्या सासूबाईंचा संशय येते. गोळ्यांबद्दल त्यांच्या मनात असं भरलं आहे, तर त्या शिशी लपवत नसतील कशावरून? त्यांच्या हाती शिशी देऊ नको.

सर्वांची खुशाली कळवत जा, लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा,
गुणवंतराव


मूल, ता. २१ जानेवारी १९५८

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जाऊबाईच्या मालकांनी, भासऱ्यांनी, ओसरीवर मोठ्यानं वाचलं. या घरात पत्र तसंच वाचतात, हे तुमाले ठाऊक नव्हतं का जी? सासूबाई तवापासून धड जेवल्या नाई. म्हणतात, मास्तरानं मले चोर ठरवलं.

त्यात घरात कावीळ शिरली. लिहायची लाज वाटते, पण सासूबाईले लघवी हळदीवानी पिवळी होऊन राह्यली. जाऊबाईले तशीच, तिच्या मंगलीले तशीच, भासऱ्यांलेही आन् मलेही. सासूबाई म्हणतात, मास्तरानं विषच पाठवलं. आज शिशी नाल्यात फेकाले निघाल्या होत्या, म्या पदराखाली लपवली. पण आता गोळी घ्यायची हिंमत मलेही होत नाई. तुमचाच वहम येऊन राह्यला, भाऊ. असं लिहिताना रडू येते.

इंदूनं कालपासून दूध टाकलं. मांडीवर नुसती पडून राहते. मले पुन्हा तसंच पाहावं लागन का? काई तरी करा.

माहेर तुमीच, दुसरं कोण आहे मले.
मनकर्णा


गडचिरोली, ता. २३ जानेवारी १९५८

चि. मनकर्णास,
अ. उ. आ.

हे पत्र डोमाच्या हाती पाठवतो, टपालाची वाट पाहायले वेळ नाई. भासऱ्यांले पिवळं काऊन झालं, मने? त्यांनी काऊन खाल्ल्या गोळ्या? तू पहिल्याच पत्रात ‘माझ्या वाट्याच्या’ लिहिलं होतं, अन् मी मास्तर असून ते वाचलं नाई. माहेरचं आलं म्हणून चिवड्यासंगं गोळ्याही घरभर वाटल्या ना? अवं, मग तुझ्या पोटात गेल्याच किती!

कावीळ नव्हे ती. या गोळ्यांनी लघवी पिवळी होते, डॉक्टरनं सांगितलं होतं, माझ्याच डोक्यातून गेलं. तरी डॉक्टरले डोळे दाखवजो. पत्र मिळताच इंदूले घेऊन चांद्याले निघ, आजच. शिशी संगं ने. उद्या सकाळी मीही तिथं पोचतो.

सासूबाईंच्या पायावर माझं डोकं ठेव. वहम माझा खोटा होता. हे पत्रही ओसरीवर मोठ्यानं वाचू दे.
गुणवंतराव


मूल, ता. ५ फेब्रुवारी १९५८

चि. गुणवंतराव मास्तर यांस,
रुखमाबाईचा आशीर्वाद. सांगून राह्यली मी, लिहून राह्यला थोरला.

तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं, म्या दोनदा वाचाले लावलं. हो, म्याच वाटल्या गोळ्या, मनात वहम होता तरी वाटल्या! सुनेच्या माहेरून आलेलं तिनं एकटीनं खावं, असं या घरात झालं नाई. लाडू आले तरी वाटते, आंबे आले तरी वाटते. शिशीवरचं इंग्रजी कोण वाचन? एवढ्या पोराईले शिकवता, एक ओळ लिहून टाकली असती, तर का हात दुखला असता?

दवाखान्यात तुमच्यापुढी काई बोलली नाई, पण तुमी बाहेर गेले तवा डॉक्टरले तोंडावर विचारलं, यानं पोरं बंद होते का? त्यो हसला. हसणाऱ्याचा मले भरवसा नाई. पण आता शिशी माझ्या पेटीत आहे. मनकर्णा जेवली का गोळी तिच्या हातावर ठेवते, गिळली का नाई पाहूनच उठते. कमळा अंग दुखते म्हणून एक मागाले आली, तिले हाकललं. भाताचं पाणी गाईचं बंद, सुनेले देते. मोहफुलं विकाले येते ती सुकरी, तिच्याकडून हातसडीचा तांदूळ घेतला. पोट्टे नाक मुरडतात आन् खातात.

इंदू दूध प्याले लागली, पण आवाज नव्हता, म्हणून मनातला वहम जात नव्हता, खोटं काऊन बोलू? पहिला नातू गेला तवा मी मीठ-मिरच्या ओवाळत बसली होती. हे बी तसंच निघन, असं वाटे.

काल दुपारी आमी अंगणात धान पाखडत होतो. रडणं ऐकू आलं. मले वाटलं, शेजारचं पोट्टं. मनकर्णानं सूप टाकलं आन् धावली, मंग आमी सगळे धावलो. इंदू पाळण्यात लाथा झाडून भोकाड पसरून राह्यली होती. मास्तर, कोणीच तिले उचललं नाई. मनकर्णा पाळण्याची दोरी धरून उभी, थोरला दारात उभा. शेवटी कमळा पुढी झाली, तर म्याच तिचा हात धरला. म्हटलं, थांब वो माय, थोडं अजून रडू दे.

येणं-जाणं तोडू नका.
रुखमाबाई